चिनी मित्रांसोबत ‘बसताना’: परदेशी कॅम्पसवरचं व्यवहारज्ञान

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेत शिकताना चिनी विद्यार्थ्यांसोबत फ्लॅटमध्ये राहणारे, स्टुडंट सोसायटी चालवणारे किंवा वसतिगृहात नव्या मुलांची जबाबदारी सांभाळणारे, अशांसाठी हे लिहिलं आहे. सत्र सुरू झालं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘चिनी मुलं पबमध्ये येतच नाहीत, आपापसातच राहतात.’ आणि ‘अरे, चिनी लोक तर पाण्यासारखी दारू पितात.’ दोन्ही वाक्यांचं मूळ एकच. चीनमध्ये पिणं हा जेवणाच्या टेबलाचा भाग आहे. परदेशी कॅम्पसवर ते अचानक उभ्याउभ्या, रिकाम्या पोटी, मोठ्या ग्लासातून समोर येतं. मग कुणी घाबरून लांब राहतो, तर कुणी घरच्या सवयीने एका दमात ग्लास संपवतो आणि तासाभरात कोलमडतो.

यातलं बरंचसं टाळता येतं. त्यासाठी घरची रीत माहीत हवी, मापांचा हिशेब यायला हवा आणि नकार देणाऱ्याला सन्मानाने बाजूला होता येईल अशी जागा ठेवायला हवी.

टेबलावरची रीत

चिनी जेवणात गोल टेबल असतं, मधोमध फिरती चकती, तिच्यावर सगळ्यांसाठी पदार्थ. दरवाजाकडे तोंड करून बसतो तो यजमान किंवा मानाचा पाहुणा. बाइज्यू, म्हणजे मुख्यतः ज्वारीपासून काढलेली पारदर्शक कडक दारू, १० ते १५ मिलिलिटरच्या इवल्याशा पेल्यांतून दिली जाते. ती तशीच निखळ प्यायची, पाणी किंवा बर्फ घालायचा नाही. औपचारिक जेवणात एकट्याने घुटके घेत बसायची पद्धत नाही. पेला उचलायचा, कुणाला तरी उद्देशून दोन शब्द बोलायचे आणि दोघांनी मिळून प्यायचं. याला म्हणतात जिंगज्यू. वयाने किंवा पदाने लहान असलेला मोठ्यापाशी जातो, पेला दोन्ही हातांनी धरतो आणि टेकवताना आपल्या पेल्याची कड समोरच्याच्या कडेपेक्षा खाली ठेवतो. दोघेही नम्र असले की दोन्ही पेले खाली खाली जात थेट टेबलाला टेकतात! टेबल रुंद असेल तर उठायची गरज नाही. पेल्याचा तळ फिरत्या चकतीवर टेकवला की सगळ्यांशी पेला भिडवल्यासारखंच.

या जोडीला असतो छ्वान्ज्यू, म्हणजे पिण्याचा आग्रह. पंगतीतला जिलेबीचा आग्रह ठाऊक असलेल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वाढणाऱ्याचं प्रेम आणि खाणाऱ्याची अडचण दोन्ही खरी असतात. ‘प्रेम गाढ असेल तर एका घोटात, प्रेम उथळ असेल तर नुसतं चाट’ अशा अर्थाची चिनी म्हण याच आग्रहातून आली आहे. उशिरा येणाऱ्याने स्वतःहून तीन पेल्यांचा दंड भरायचा, हाही त्याचाच भाग.

मात्र सगळा चीन एका मापाने मोजू नका. शानदोंग प्रांत टेबलावरच्या कडक शिष्टाचारासाठी ओळखला जातो. ग्वांगदोंगमध्ये चहाचं राज्य मोठं आणि आग्रह सौम्य. शाओशिंगकडे तांदळाची पिवळी दारू कोमट करून पितात. ह्वेई किंवा वीगुर मुस्लिम कुटुंबातले अनेक विद्यार्थी दारूला हातही लावत नाहीत. मुलींवर घरच्या टेबलावर पिण्याचा दबाव सहसा कमी असतो, त्यांच्यापुढे फळांचा रस किंवा नारळाचं दूध ठेवतात. म्हणून परदेशात ‘सगळ्यांनी सारखंच प्यायचं’ हे त्यांना अगदी नवं असतं. शिवाय आजच्या तरुण पिढीतल्या अनेकांना आग्रहाची ही संस्कृती मनापासून नकोशी वाटते. साहेबासमोर पेला रिकामा करायची सक्ती त्यांनी आईवडिलांच्या नोकरीत पाहिलेली असते. तेव्हा ‘तू चिनी आहेस, मग बाइज्यू चालतच असेल’ हे वाक्य उच्चारूच नका.

‘गानबेइ’ म्हणजे चिअर्स नव्हे

सगळ्यात जास्त घोळ या एका शब्दाने होतो. गानबेइचा शब्दशः अर्थ आहे ‘पेला कोरडा करा’. १० मिलिलिटरच्या पेल्याला ते ठीक. पण पबमध्ये ५६८ मिलिलिटरचा पाइंट हातात असताना कुणी हौसेने ‘गानबेइ!’ ओरडलं, तर नवा चिनी विद्यार्थी ते खरं मानून पाइंट एका दमात रिकामा करू शकतो. बाकीचे टाळ्या वाजवतात, पुन्हा ओरडतात, पुन्हा तेच. ओरडणाऱ्याला वाटतं आपण त्याची भाषा बोलून आपुलकी दाखवली. त्याला वाटतं नाही प्यायलो तर यांचा अपमान होईल.

म्हणून मोठ्या ग्लासासोबत हा शब्द वापरायचाच नाही. चिनी शब्दच हवा असेल तर ‘सुइयी’ म्हणा. अर्थ, ‘तुझ्या मर्जीने’. टेबलावरचं एक सुंदर वाक्य आहे: ‘वो गान ल, नी सुइयी’, म्हणजे मी माझा संपवतो, तू तुला हवं तेवढं घे. हे ऐकल्यावर ओठ ओले करून पेला खाली ठेवला तरी शिष्टाचार पुरा होतो. इंग्रजीतल्या ‘चिअर्स’मध्ये ग्लास संपवायचं बंधन नसतं, एक घोट पुरतो, हे नव्या मित्राला पहिल्याच आठवड्यात सरळ सांगून टाका.

चेहरा लाल होतो तेव्हा

हा भाग नीट वाचा, कारण इथे चेष्टेने खरोखरच नुकसान होतं.

शरीरात दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट. हे दुसरं काम ‘एएलडीएच-२’ नावाचं एन्झाइम करतं. पूर्व आशियाई लोकांपैकी साधारण ३५ ते ४० टक्के लोकांमध्ये या एन्झाइमचा जवळजवळ निकामी प्रकार जन्मतः असतो. एन्झाइम चार तुकड्यांचं मिळून बनतं. त्यामुळे आई किंवा वडील एकाकडूनच हा जनुक आलेला असला तरी चौकडीत एखादा वाईट तुकडा शिरतो आणि काम निम्म्याहूनही बरंच खाली येतं. दोघांकडून आला असेल तर काम जवळपास बंदच. मग ॲसिटाल्डिहाइड साचतं. चेहरा, मान, कान लाल होतात, छाती धडधडते, डोकं ठणकतं, मळमळतं. कधी अर्ध्या ग्लास बिअरनेही हे होतं.

बोलीत याला ‘ज्यूजिंग ग्वोमिन’, दारूची ॲलर्जी, म्हणतात. वैद्यकीय अर्थाने ती ॲलर्जी नाही, पण ‘पिऊ नये’ हा निष्कर्ष बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपानातून शरीरात तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड पहिल्या गटातलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारं, ठरवलं आहे. ज्यांचं हे एन्झाइम कमजोर आहे आणि तरीही जे नियमित पितात, त्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो.

दोन समज इथे घात करतात. पहिला, ‘लाल होणाऱ्याची क्षमता जास्त असते’. हा चीनमध्येच प्रचलित आहे आणि साफ उलटा आहे. दुसरा, ‘सवयीने ज्यूल्यांग वाढतं’. ज्यूल्यांग म्हणजे पचवायची ताकद. सवयीने त्रास कमी जाणवतो आणि लालीही काहींची ओसरते, पण एन्झाइम होतं तेवढंच राहतं. म्हणून मित्राला विचारायचं असेल तर दोन प्रश्न विचारा. आत्ता एक छोटा ग्लास बिअर घेतल्यावर चेहरा लाल होतो का? आणि प्यायला लागलास त्या पहिल्या एक-दोन वर्षांत होत होता का? दोहोंपैकी एकाचं उत्तर हो असेल तर हे एन्झाइम कमजोर असण्याची शक्यता मोठी.

फॅमोटिडिनसारखी आम्लपित्ताची गोळी आधी घेऊन लाली दडवायची युक्ती विद्यार्थ्यांमध्ये पसरलेली आहे. तिने त्वचेची लाली कमी दिसते, ॲसिटाल्डिहाइड मात्र तसंच साचत राहतं. धोक्याची घंटा बंद करून आत बसून राहण्यासारखं आहे ते. गोळी घेतलेला माणूस जास्त पितो, कारण थांबायची खूणच गेलेली असते. कुणी ही युक्ती सांगत असेल तर स्पष्ट विरोध करा.

माप: बाटलीवर काय लिहिलंय?

सूत्र एकच पाठ करा. मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले १०००, उत्तर ब्रिटिश युनिटमध्ये. एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर, अर्थात ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ऑस्ट्रेलियाचं स्टँडर्ड ड्रिंक १० ग्रॅमचं, म्हणजे सव्वा युनिट. अमेरिकेचं १४ ग्रॅमचं, म्हणजे पावणेदोन. सरासरी प्रौढ माणसाला एक युनिट पचवायला साधारण एक तास लागतो.

चिनी बिअरच्या लेबलावर दोन आकडे असतात आणि तिथे भले भले फसतात. ‘१० अंश पी’ असं जे लिहिलेलं असतं ते बिअर बनण्यापूर्वीच्या माल्टच्या रसाची घनता असते, अल्कोहोल नव्हे. अल्कोहोलचा आकडा त्याशेजारी टक्क्यांत असतो, उदाहरणार्थ ३.६ टक्के किंवा त्याहून जास्त. आता हिशेब करा. अशी ५०० मिलिलिटरची बाटली म्हणजे १.८ युनिट. ब्रिटनमधला ५.२ टक्क्यांचा एक पाइंट म्हणजे जवळजवळ ३ युनिट. ७ टक्क्यांच्या आयपीए या कडक बिअरचा पाइंट म्हणजे ४. ‘घरी दोन बाटल्या सहज घ्यायचो’ असं म्हणणारा मुलगा दोन पाइंट आयपीएनंतर घरच्यापेक्षा दुपटीहून जास्त प्यायलेला असतो. त्यात घरी सोबत जेवण होतं आणि बाटली छोट्या पेल्यांत ओतून, वाटून घेतली जात होती.

बाइज्यूचा हिशेब उलट दिशेने चुकतो, तो बहुधा इतरांचा. तिची ताकद साधारण ३८ ते ५६ टक्के. क्वेइचोऊची माओताय ५३ टक्क्यांची, बीजिंगची अर्ग्वोथोऊ ५६ टक्क्यांचीही मिळते. चीनमध्ये पिण्याचं प्रमाण वजनाच्या मापात सांगतात. एक ल्यांग म्हणजे ५० ग्रॅम, दहा ल्यांगांचा एक जिन. टेबलावर हे ढोबळपणे ५० आणि ५०० मिलिलिटर धरतात. ५२ टक्क्यांची एक ल्यांग म्हणजे २.६ युनिट. ‘माझे वडील अर्धा जिन घेतात’ असं कुणी सांगितलं की ते २५० मिलिलिटर, म्हणजे १३ युनिट. ब्रिटनच्या आरोग्य सल्ल्यानुसार आठवड्याभरात १४ युनिटपेक्षा जास्त नको. ऑस्ट्रेलियाचा सल्ला आठवड्याला १० स्टँडर्ड ड्रिंक आणि एका दिवसात ४. म्हणजे वडिलांच्या एका जेवणात आठवड्याचा कोटा संपला. ही तुलना बढाई मारण्यासाठी करू नका, बाटली उघडण्यापूर्वी करा.

आठ जणांची संध्याकाळ आखायची तर

पबऐवजी फ्लॅटमध्ये, आणि उभ्याऐवजी बसून. एवढ्या दोन बदलांनी निम्मं काम होतं. आमंत्रणात ‘ड्रिंक्स’ लिहू नका. ‘जेवण आणि पत्ते’ किंवा ‘डम्पलिंग आणि बोर्ड गेम’ लिहा. सुरुवातीची आणि संपायची वेळ, दोन्ही द्या. ‘प्रत्येकाने आपलं पेय आणावं, न पिणाऱ्यांसाठी सोय आहे’ हेही स्पष्ट लिहा. ‘शाकाहारी, हलाल, शेंगदाण्याची ॲलर्जी?’ हा प्रश्न आधीच विचारा, कारण पुढे येणारा चखणा शेंगदाण्याचाच आहे.

चखण्याला चिनीत श्याज्यूछाइ म्हणतात आणि तो असल्याशिवाय बाटली उघडणं विचित्र समजलं जातं. आठ जणांसाठी ४०० ग्रॅम शेंगदाणे, ४ मोठ्या काकड्या, १०० गोठवलेली डम्पलिंग पुरतात.

शेंगदाणे थंड तेलातच घाला, मग मंद आच लावा. गरम तेलात टाकले की बाहेरून करपतात, आतून कच्चे राहतात. सतत हलवत राहा. तडतड आवाज कमी व्हायला लागला आणि रंग जरासा बदलला की लगेच काढा, कारण बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेने ते आणखी गडद होतात. ‘अजून एक मिनिट’ म्हणून ठेवले की कडू झालेच म्हणून समजा. काढल्यावर बाइज्यूचे चार थेंब शिंपडायची पद्धत आहे, त्याने कुरकुरीतपणा टिकतो असं मानतात. मात्र पूर्ण वर्ज्य असणारे कुणी असतील तर हे थेंब नकोत. मीठ थंड झाल्यावरच.

काकडी सुरीने कापण्याआधी पात्याच्या सपाट बाजूने ठेचा. फुटलेल्या खडबडीत कडांत मसाला मुरतो, गुळगुळीत चकत्यांवरून तो निसटतो. दोन काकड्यांना अर्धा चमचा मीठ लावून १० मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी ओतून द्या. हे पाणी न काढल्यास सगळं पांचट होतं. मग ठेचलेला लसूण, काळं तांदळाचं व्हिनेगर, चिमूटभर साखर, थोडं तिळाचं तेल.

पेयांचं गणित असं ठेवा. पिणाऱ्या प्रत्येकामागे ४.६ टक्क्यांपर्यंतच्या, ३३० मिलिलिटरच्या दोन बिअर, म्हणजे ३ युनिट. बिनअल्कोहोल पेयं मात्र माणशी एक लिटर. त्यात थंड पेयं निम्मीच ठेवा. चीनमध्ये गरम पाणी पिणं ही रोजची सवय आहे. बरं वाटत नाही म्हटलं की पहिला सल्ला ‘गरम पाणी पी’ हाच येतो. केटल भरून ठेवा, चहाची पत्ती ठेवा आणि दारूच्याच टेबलावर ठेवा, कोपऱ्यात नको. चहाचा कप आणि बिअरचा ग्लास शेजारी शेजारी असले की न पिणारा वेगळा दिसत नाही. मोठ्या कार्यक्रमात सॉफ्ट ड्रिंक बाजूच्या टेबलावर हलवली जातात आणि न पिणारी मुलंही तिथेच, बाजूलाच, गोळा होतात. संध्याकाळ तिथेच फुटते.

पेल्याबद्दल एक बारीक गोष्ट. ‘चहा काठोकाठ भरला तर पाहुण्याचा अपमान, दारू काठोकाठ भरली तर मान’ अशी चिनी समजूत आहे. म्हणून बाइज्यू असेल आणि कमी द्यायची असेल तर मोठा पेला अर्धा भरू नका. तो कंजूषपणा वाटतो आणि कुणी तरी उठून भरतोच. पेलाच छोटा घ्या आणि काठोकाठ भरा. १० मिलिलिटरचे पेले चिनी दुकानात मिळतात. त्यासोबत प्रत्येकासाठी १०० मिलिलिटरचा छोटा काचेचा जग मिळतो. जग वापरलात तर कोण किती प्यायलं ते डोळ्यांना दिसतं. एक भरलेला जग म्हणजे पाच युनिट. तो पुन्हा भरायचा नाही, हे आधीच ठरवून घ्या.

नकार कधी आणि कसा

वेळ महत्त्वाची. पहिला पेला ओतला जाण्यापूर्वी दिलेला नकार सहज मान्य होतो. दोन पेले घेऊन तिसऱ्याला नाही म्हटलं की ‘त्याच्यासोबत प्यायलास, माझ्यासोबत नाही?’ असा प्रश्न येतो. पेल्यावर नुसता हात आडवा धरून भागत नाही. रिकामा पेला हे ओतायचं आमंत्रणच आहे. तेव्हा पेल्यात काहीतरी हवंच. चहा भरून घ्या आणि आपणहून उठून, ज्याच्याकडून आग्रह होईल असं वाटतं त्याच्यासमोर जाऊन, कड खाली धरून म्हणा, ‘यी छा दाइ ज्यू’. दारूच्या जागी चहा. हा वाक्प्रचार प्रतिष्ठित आहे, पळवाट नाही. मान देण्याची कृती तुम्ही केलीत, पेल्यात काय होतं हा मुद्दा दुय्यम होतो.

तीन कारणं चिनी टेबलावर वादाशिवाय चालतात. गाडी चालवायची आहे, हे पहिलं. चीनमध्ये रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम अल्कोहोलपासूनच कारवाई होते, आणि ८० च्या पुढे तो १ मे २०११ पासून फौजदारी गुन्हा आहे. त्यामुळे या कारणाचा धाक मुलांच्या अंगवळणी पडलेला आहे. दुसरं, वर सांगितलेली ‘ॲलर्जी’. तिसरं, ‘थोउबाओ घेतली आहे’, म्हणजे सेफॅलोस्पोरिन गटातलं अँटिबायोटिक. हे ऐकताच टेबल गप्प होतं, कारण सेफोपेराझोनसारख्या काही औषधांसोबत दारू घेतल्यास रक्तदाब घसरण्यापर्यंत गंभीर त्रास होऊ शकतो आणि चीनमध्ये हे घराघरांत माहीत आहे. कुणी हे कारण सांगितलं तर खोदून विचारू नका. खरं असेल तर जिवाचा प्रश्न आहे, आणि बहाणा असेल तर त्याने तुमचा मान राखूनच नाही म्हटलं आहे.

यजमान तुम्ही असाल तर आग्रह मोडायचा अधिकार तुमचाच. एखाद्याला घेरलं जातंय असं दिसलं की स्वतःचा पेला उचला आणि सगळ्यांसाठी मोठ्याने ‘सुइयी!’ म्हणा. घेरा सुटतो आणि कुणाचंच तोंड उतरत नाही.

पबमध्ये जायचंच असेल तर

आधी जेवा. मग राउंडची पद्धत समजावून सांगा. चीनमध्ये बहुधा एकजण सगळ्यांचं बिल भरतो, किंवा ‘एए’ पद्धतीने फोनवरून वाटून घेतात. पबमध्ये आळीपाळीने प्रत्येकजण सगळ्यांसाठी घेतो. सहा जणांच्या राउंडमध्ये अडकलेला नवा विद्यार्थी आपली पाळी येईपर्यंत सहा पाइंट प्यायला बांधला जातो आणि मध्येच बाहेर पडणं त्याला फुकटेपणाचं वाटतं. सरळ सांगा, ‘आम्ही राउंडमध्ये नाही, आपलं आपण घेऊ.’ काउंटरवर हे कुणालाही खटकत नाही. हाफ पाइंट मागता येतो हेही सांगा, पुष्कळांना ते माहीतच नसतं. टेबलावर कुणी विचारायला येईल म्हणून वाट पाहत बसू नये, बहुतेक पबमध्ये काउंटरवर जाऊनच मागायचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये दारूचा परवाना असलेल्या जागी नळाचं पाणी ग्राहकाला फुकट द्यावंच लागतं, ‘बर्फ नको’ एवढं म्हणायचं.

पासपोर्ट जवळ हवा. चिनी राष्ट्रीय ओळखपत्र चालेल असं धरून चालू नका. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात वय १८ पूर्ण लागतं. पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या कुणालाही ब्रिटनमध्ये ओळखपत्र विचारतात, ते वंशावरून नव्हे, हे सांगून ठेवा. कॅनडात बहुतेक प्रांतांत १९, आल्बर्टा, मॅनिटोबा आणि क्युबेकमध्ये १८. अमेरिकेत २१, आणि ते गंभीरपणे घ्या. घरी अठराव्या वर्षी वडिलांसोबत कायदेशीरपणे पेला घेतलेला मुलगा तिथे तीन वर्षं मागे जातो. खोटं ओळखपत्र बनवून घेणं हा गुन्हा आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, तरी परराष्ट्र खातं विद्यार्थ्याचा व्हिसा रद्द करू शकतं. चीनमध्ये रस्त्याकडेला सळईवर भाजलेल्या पदार्थांसोबत बिअर ही उन्हाळ्याची मजा असते, छिंगदाओमध्ये तर ताजी बिअर प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन लोक घरी जातात. अमेरिकेतल्या बहुतेक ठिकाणी उघडी बाटली घेऊन रस्त्यावर फिरणं बेकायदा आहे.

कुणी उठतच नसेल तर

झोपू दे, उतरेल, असं म्हणून खोलीत एकटं सोडू नका. हाक मारून, चिमटा काढून जाग येत नाही, श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी आहे किंवा दोन श्वासांत १० सेकंदांहून जास्त खंड पडतोय, ओठ निळसर, कातडी थंड आणि घामट, यांपैकी एक जरी दिसलं तरी फोन करा. ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, अमेरिकेत ९११. माणसाला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड किंचित खाली. उताणं झोपवलं तर उलटी श्वासनलिकेत जाऊन मृत्यू होऊ शकतो. मधाचं पाणी, कडक चहा, ‘उतारा’ म्हणून दिलं जाणारं सूप, घशात बोट घालून उलटी काढणं, थंड शॉवर, हे सगळं बाद. अर्धवट शुद्धीत तोंडातून काहीही देऊ नका. बाइज्यू प्यायलेला असेल तर बाटली मदत करणाऱ्यांच्या हातात द्या, वरचे टक्के त्यांना दाखवा आणि किती वाजता किती पेले हे सांगा. चिनी अक्षरांच्या पारदर्शक बाटलीवरून ५३ टक्के हा अंदाज कुणालाच येत नाही. अमेरिकेत अनेक राज्यांत आणि विद्यापीठांत मदतीला फोन करणाऱ्यावर वय कमी म्हणून कारवाई होत नाही. आपल्या विद्यापीठाचा नियम सत्राच्या सुरुवातीलाच वाचून ठेवा, म्हणजे त्या क्षणी व्हिसाच्या भीतीने कुणाचा हात थबकणार नाही.

भेट मिळालेली बाटली

पदवी संपताना चिनी मित्राचे आईवडील येतात आणि बाइज्यूची बाटली भेट देतात. दोन्ही हातांनी घ्या. लगेच फोडायची अपेक्षा नसते. विमानातून नेणार असाल तर २४ ते ७० टक्क्यांची दारू सीलबंद, मूळ वेष्टनात, माणशी ५ लिटरपर्यंत चेक-इन सामानात चालते. लेबल नसलेली घरगुती दारू घेऊ नका. ज्या देशात उतरणार तिथली करमुक्त मर्यादा वेगळी असते, अमेरिकेत २१ वर्षांवरील माणसाला एक लिटर, ऑस्ट्रेलियात १८ वर्षांवरील माणसाला २.२५ लिटर.

उघडाल तेव्हा फ्रीझरमध्ये ठेवू नका, थंडीने तिचा वास मिटतो आणि बाइज्यूत वासच तर सगळं आहे. खोलीच्या तापमानाला, जेवण निम्मं झाल्यावर, १० मिलिलिटर. आधी नुसता वास घ्या. माओतायसारख्या दारूत सोया सॉसची आठवण करून देणारा गडद वास येतो, स्छ्वानच्या वूल्यांगयेसारख्या दारूत पिकलेल्या अननसाचा. मग अगदी छोटा घोट, जिभेवर पसरू द्या, नाकाने श्वास सोडा. शॉटसारखी घशात फेकली तर फक्त जळजळ हाती लागते आणि ‘पेट्रोलसारखी आहे’ हे वाक्य तोंडातून जातं. बाटली हजारो मैलांवरून हाताने उचलून आणणाऱ्यासमोर ते बोलू नका. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून उभी ठेवा, आडवी नको. बुचाला ५३ टक्क्यांचं अल्कोहोल सतत लागत राहिलं की ते झिजतं आणि गळतं.